एनए प्लॉटिंगसाठी पैसा लावणारा भागीदार कसा शोधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे आठवड्यातून एखादा तरी माणूस हेच वाक्य घेऊन येतो: "जमीन आहे, रस्त्याला आहे, फक्त पैसा लावणारा बघा." आम्ही पुणे-सातारा पट्ट्यात एनए, म्हणजे बिगरशेती, प्लॉटिंगच्या लेआउटच्या (रस्ते-प्लॉट आखलेल्या नकाशाच्या) फायली करतो. जमीनमालकांच्याही आणि छोट्या विकसकांच्याही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रम कायद्याच्या पुस्तकातला नाही, लोक विचारतात तसा आहे.

जमीन माझी आहे. मग भागीदार कशाला? बँक कर्ज देणार नाही का?

बिल्डरला जमीन खरेदीसाठी कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना दंडक आहे. मंजूर प्रकल्पाच्या बांधकामाला बँक उभी राहते, पण प्लॉटिंगमध्ये बांधकाम असतंच किती? रस्ते, गटार, विजेचे खांब, पाण्याची लाइन, एखादी कमान. खरा खर्च त्याच्या आधीचा: मोजणी, सरकारला भरायचा नजराणा, विकास शुल्क, वकील, आर्किटेक्ट, हिस्सेदारांची समजूत. हा पैसा मंजुरीच्या आधी जातो आणि तारण म्हणून दाखवायला तेव्हा हातात फक्त शेतजमिनीचा उतारा असतो. काही वित्तसंस्था जमीन गहाण घेऊन पैसे देतात, पण व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून पळतं आणि मंजुरी आपल्या चालीने येते.

प्लॉटिंगमध्ये पैसा सहसा बुडत नाही, अडकतो. भागीदार हवा असतो तो हे अडकणं सोसण्यासाठी. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच मुद्दा फिरून येईल.

गुंतवणूकदाराला भेटण्याआधी काय तयार ठेवायचं?

ब्रोशर सोडून सगळं.

मागे एका जमीनमालकाबरोबर आम्ही तालुक्याच्या गावातल्या एका ऊस वाहतूकदाराकडे गेलो होतो. मालकाने रंगीत लेआउट छापून आणला होता, बागेत कारंजं वगैरे. वाहतूकदाराने तो कागद उलटा केला, त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "फेरफार आणलेत का? सगळे?" मालकाकडे मोबाइलमध्ये सातबाऱ्याचा एक फोटो होता. बैठक तिथेच संपली. चहा मात्र चांगला होता.

फाइलमध्ये हे असावं: चालू ७/१२ आणि ८अ, आजोबांच्या नावापासून आजपर्यंतचे सगळे फेरफार (उताऱ्यावरची नावं-हक्क बदलल्याच्या नोंदी), किमान ३० वर्षांचा वकिलाचा शोध अहवाल, गटाचा नकाशा, झोन दाखला, मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) आणि रस्त्याचा पुरावा. रस्ता प्रत्यक्षात आहे आणि कागदावर आहे या दोन वेगळ्या गोष्टी. "आम्ही इथूनच जातो-येतो" ही वहिवाट झाली; त्यावर शंभर प्लॉटधारकांचा रस्ता मंजूर होत नाही. जवळच्या नकाशावरच्या रस्त्यापर्यंत आपली जागा भिडते का, नसेल तर मधल्या मालकाकडून रस्त्याची पट्टी नोंदणीकृत दस्ताने घेतली आहे का, हे आधी बघा. मधल्या माणसाला तुमचा लेआउट मंजुरीच्या टप्प्यावर असल्याचं कळलं, की त्याच्या दोन गुंठ्यांचा भाव तुमच्या दोन एकरांएवढा होतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपणही तेच केलं असतं.

आणि बहिणींच्या सह्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नक्की केलं. "ताई काही मागणार नाही" हे भावाचं म्हणणं असतं. ताईंना एकदा विचारून बघा. हक्कसोडपत्र होत असेल तर नोंदणीकृत करून घ्या, होत नसेल तर ताईंनाही करारात घ्या. नाव वगळून पुढे गेलेल्या फायली विक्रीच्या तोंडावर दाव्यात अडकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

मोजणी नंतर केली तर चालत नाही का? पैसे आल्यावर करू म्हणतो.

नाही. आमच्या एका फायलीत उताऱ्यावर चार एकर आणि काही गुंठे होते. मोजणीच्या सकाळी भूकरमापक रोव्हर (मोजणीचं यंत्र) लावून कोपरे घेत होते, शेजारचे आबा बांधावर उकिडवे बसून तंबाखू मळत होते. दुपारी खुणा पडल्या तेव्हा आमची पूर्वेकडची हद्द बांधाच्या अलीकडे आली, चांगली ११ गुंठे. आबा उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आमच्या बापाच्या वेळेपासून इथंच नांगर फिरतोय." भांडण नव्हतं, तक्रार नव्हती, पण ११ गुंठे नव्हते. गुंतवणूकदाराने चार एकर धरून गणित मांडलं होतं. त्यानंतर त्याने आमच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघितलं, बरोबर आकड्यांकडेसुद्धा.

मोजणीची फी सगळ्या प्रकल्पाच्या मानाने किरकोळ असते. ती स्वतः भरा. माणूस सापडण्याआधी भरा.

माझी जमीन प्लॉटिंगला चालेल का, हे कसं कळणार?

पहिली चाळणी झोनची. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक आराखड्यात जमीन रहिवास विभागात, म्हणजे बोलीभाषेत येलो झोनमध्ये, असेल तर वाट सोपी. तिथे वेगळी एनए परवानगी लागत नाही. ठरलेल्या रकमा भरून पुढे जाता येतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही महसूल संहितेत अशीच सोय केलेली आहे. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे शेती विभागात, असेल तर "नवीन आराखड्यात येलो होणार आहे" या बातमीवर कुणाचाही पैसा घेऊ नका. आराखडे येतात, बदलतात, हरकतींवर सुनावण्या होतात.

दुसरी चाळणी भोगवट्याची. ७/१२ वर भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असेल तर थांबा. इनाम, वतन, शासनाने दिलेली जमीन, कुळकायद्याने मिळालेली जमीन, प्रत्येकाची परवानगी आणि नजराणा वेगळा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर कडक निर्बंध आहेत. तिच्यावर आडमार्गाने करार करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. देवस्थान इनामाचंही तेच.

तिसरी, 'इतर हक्क'चा रकाना. लोक मालकाचं नाव वाचून उतारा घडी घालतात. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाचा शेरा, पुनर्वसनाचा शेरा, कोकणात आणि घाटमाथ्यावर खाजगी वनाचा शेरा, हे सगळं त्या रकान्यात असतं. खाजगी वनाचा शेरा असला तर तो प्रकल्प डोक्यातून काढून टाका.

एनए झालं म्हणजे प्लॉट पाडता येतात ना?

हा सगळ्यात महागडा गैरसमज. जमिनीचा वापर बदलणं वेगळं आणि तिचा लेआउट मंजूर होणं वेगळं. लेआउट नियोजन प्राधिकरण किंवा नगररचना विभाग मंजूर करतो, तोही दोन टप्प्यांत: आधी तात्पुरती मंजुरी, मग त्याप्रमाणे जागेवर रस्ते आखून मोजणी, मग अंतिम. त्यानंतर कमी-जास्त पत्रक (कजाप) होऊन प्रत्येक प्लॉटचा उतारा स्वतंत्र होतो. गिऱ्हाइकाला आणि त्याच्या बँकेला हवा असतो तो हा उतारा. 'कजाप झालं का?' असं विचारणारा गुंतवणूकदार भेटला तर समजा, त्याने आधी हात पोळून घेतलेले आहेत.

मंजुरीशिवाय गुंठे-गुंठे तोडून विकायचा मार्ग अनेकजण सुचवतात. जमिनीचे बारीक तुकडे पाडायला रोखणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ मध्ये शेतजमिनीसाठी जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे असं प्रमाणभूत (किमान) क्षेत्र ठरलं. जुने तुकडे नियमित करण्यासाठी सरकार अधूनमधून सवलत देतं. ती झालेल्या व्यवहारांसाठी असते, तिच्या भरवशावर नवीन धंदा उभा करायचा नसतो.

चार एकरांत किती विक्री निघेल? गुंतवणूकदार पहिलं हेच विचारतो.

चार एकर म्हणजे १६० गुंठे, गुंठ्याला १,०८९ चौरस फूट, एकूण १,७४,२४० चौरस फूट. आता कात्री लावा. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावी लागते. आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत किमान ९ मीटर रुंद, त्याहून लांब असेल तर १२ मीटर, मग १५. आराखड्यातला रस्ता तुमच्या गटातून जात असेल तर तोही वजा. क्षेत्र मोठं असेल तर सुविधा भूखंडासाठी आणखी जागा जाते. गटाचा आकार सरळ असेल तर आमच्या अनुभवात साधारण ६० टक्के विक्रीयोग्य राहतं. लांबट, वाकडा, मधून ओढा गेलेला गट असेल तर त्याहून कमी.

एक नमुना गणित करू. आकडे मानलेले आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. ६० टक्क्यांनी १,०४,००० चौरस फूट विक्री. जमिनीची मान्य किंमत ३.२० कोटी. विकासखर्च विक्रीयोग्य फुटाला ३५० रुपये, म्हणजे ३.६४ कोटी. विक्री ११०० रुपये फुटाने, ११.४४ कोटी. दलाली-जाहिरात ५ टक्के, ५७ लाख. करापूर्वी नफा ४.०३ कोटी.

आता हेच विक्रीयोग्य क्षेत्र ६० ऐवजी ५४ टक्के निघालं तर? रस्ते तेवढेच, खर्च तेवढाच, पण नफा साधारण २.९८ कोटींवर येतो. सहा टक्के जागा गेली आणि चौथाई नफा गेला. म्हणून मोजणी आधी, आणि आर्किटेक्टचा खरा स्केच आधी.

आणि आता वेळ. गुंतवणूकदाराने ३.६४ कोटी घातले आणि त्याचा अर्धा वाटा, म्हणजे दोन कोटी. दोन वर्षांत पैसे सुटले तर त्याला वर्षाला चक्रवाढीने साडेचोवीस टक्क्यांच्या आसपास पडले. पाच वर्षं लागली तर तेच दोन कोटी वर्षाला सव्वानऊ टक्क्यांच्या घरात. जमिनीचा भाव तोच, नफा तोच. जाणता माणूस तुमच्या फुटाच्या भावावर फार वाद घालत नाही, तो तारखांवर घालतो.

असा पैसा लावणारा सापडतो कुठे?

लोकांना वाटतं मुंबईत. बहुतेक वेळा तो २५ किलोमीटरच्या आत असतो. तालुक्याच्या ठिकाणचा डॉक्टर, मार्केट यार्डातला आडत्या, सरकारी कामं घेणारा कंत्राटदार, महामार्गात जमीन जाऊन मोबदला मिळालेलं शेतकरी कुटुंब. या शेवटच्या गटाकडे पैसा असतो, जमिनीची जाण असते आणि तो शेतकरी असल्यामुळे कागदाची एक मोठी अडचण आपोआप सुटते. पण हा पैसा बहुधा घरातला एकमेव मोठा पैसा असतो. त्यांना अडकण्याचा धोका दोनदा सांगा, लेखी सांगा.

त्यांच्यापर्यंत पोचायचं ते त्यांच्या सीएमार्फत, दस्ताची कामं करणाऱ्या वकिलामार्फत, नाहीतर तुमच्याच भागात मंजूर लेआउट पूर्ण केलेल्या आर्किटेक्टमार्फत. या तिघांना कुणाचा पैसा मोकळा झाला हे कळतं आणि ते नाव खराब होईल अशा ठिकाणी माणूस पाठवत नाहीत. शहरातला विकसक हवा असेल तर क्रेडाई या विकसकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेतून ओळखी निघतात. एजंट चालतो, पण "दोन टक्के आधी द्या, पार्टी तयार आहे" म्हणणाऱ्याची पार्टी आम्ही अजून पाहिलेली नाही.

पंधरा जणांना एकच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. आठवड्यात ती तुमच्याकडेच परत येते, कुणीतरी वरचा नंबर बदलून.

पार्टी शेतकरी नाही. तिचं नाव ७/१२ वर येईल का?

कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आराखड्यात रहिवास वगैरे विभागात आलेल्या जमिनीला त्यात सवलत आहे, पण अटींसह. त्या अटी वकिलाकडून वाचून घ्या. जिथे सवलत लागू नाही तिथे सरळ मार्ग हा, की मंजुरी मिळून जमीन अकृषिक होईपर्यंत ती मालकाच्याच नावावर ठेवायची, गुंतवणूकदाराचा हक्क नोंदणीकृत करारात सुरक्षित करायचा. कुठल्यातरी मामाच्या गावचा शेतकरी दाखला काढून देणारे भेटतात. तो दाखला खोटा निघाला तर जमीन जाऊ शकते.

करार कोणत्या प्रकारचा करावा?

तीन-चार वाटा आहेत.

नोंदणीकृत विकसन करारनामा आणि त्यासोबत कुलमुखत्यारपत्र ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. मालक जमीन देतो, विकसक-गुंतवणूकदार खर्च करतो, मोबदला प्लॉटच्या रूपात किंवा विक्रीच्या उत्पन्नाच्या टक्क्यांत. मुद्रांक शुल्क जवळजवळ खरेदीखताएवढंच बसतं, ते आधीच गणितात धरा. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून काम भागवणारे पुष्कळ आहेत. भांडण झालं की तो कागद कोर्टात कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून झालंय.

भागीदारी संस्था सोपी वाटते. पण १९३२ च्या कायद्यात भागीदाराची जबाबदारी अमर्याद आहे, म्हणजे संस्थेचं देणं तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं. आणि संस्था नोंदणीकृत नसेल तर तिला करारावरून दावा लावता येत नाही. एलएलपीत (मर्यादित दायित्व भागीदारीत) जबाबदारी मर्यादित राहते, हिशेब दरवर्षी भरावे लागतात, म्हणजे पैशाची वाट दिसते. आम्हाला दोघांपेक्षा जास्त पैसे लावणारे असतील तर एलएलपी बरी वाटते. मात्र शेतजमीन थेट तिच्या नावावर करायला जाऊ नका, बिगरशेतकऱ्याचा वरचाच अडसर आहे.

नुसतं कर्ज म्हणून पैसे घ्यायचे असतील तर नोंदणीकृत गहाणखत करा. "सुरक्षा म्हणून खरेदीखतच करून द्या, पैसे दिले की उलटं फिरवू" हे कोणीही म्हटलं, अगदी मेहुण्याने म्हटलं, तरी उठून या.

वाटा किती? सगळे ५०-५० म्हणतात.

५०-५० हा आकडा बोलायला गोड आहे, म्हणून चालतो. आधी हे ठरवा की टक्के कशाचे: प्लॉटचे, विक्रीच्या उत्पन्नाचे की नफ्याचे? नफ्याचे असतील तर खर्चाचं पाकीट कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न. विकसक डांबराचं बिल वाढवू शकतो, मालकाला ते कळायचा मार्ग नाही. म्हणून शेतकरी मालकाला आम्ही नेहमी उत्पन्नाचा किंवा प्लॉटचा वाटा सुचवतो. प्लॉटचा वाटा असेल तर प्लॉट नंबर करारातच लिहा आणि नकाशा जोडून सह्या घ्या. "तुम्हाला मागचे मिळतील" हे करार झाल्यावर कळतं.

जमिनीची किंमत आजच्या तारखेला दोघांनी मान्य करून लिहायची. त्यावरचा फायदा वाटायचा. हे न लिहिल्यामुळे दोन वर्षांनी मालक म्हणतो, "आता एकराला दुप्पट भाव आहे, माझी जमीन दुपटीने धरा."

मंजुरी रखडली, भागीदार वैतागला, तर?

करारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि बहुतेक मसुद्यांत तो दोन ओळींत उरकलेला असतो: "वाद झाल्यास सामोपचाराने मिटवावा." सामोपचार असता तर वाद झाला असता का?

पैसा एकरकमी घेऊ नका आणि देऊ नका. हप्ते टप्प्यांना बांधा: शोध अहवाल स्वच्छ आला की एक, तात्पुरती मंजुरी आली की दुसरा, अंतिम मंजुरी आणि रेरा (स्थावर प्रकल्पांच्या नियमन कायद्याखालची) नोंदणी झाली की रस्त्यांसाठी तिसरा. प्रत्येक टप्प्याला महिने लिहा. १८ महिन्यांत तात्पुरती मंजुरी आली नाही तर काय? गुंतवणूकदाराला बाहेर पडता येईल का? पडला तर मुद्दल किती महिन्यांत, व्याज असेल तर किती, आणि मालकाकडे रोकड नसेल तर त्याबदल्यात कोणती जागा? हे सगळं आज, हसतखेळत असताना लिहायचं.

दुसरी बाजूही लिहा. मंजुरी आली आणि गुंतवणूकदाराचाच पुढचा हप्ता आला नाही, तर? तोपर्यंत जमीन करारात गुंतलेली आहे, दुसरा माणूस आणता येत नाही. अशा वेळी त्याचा वाटा कसा कमी होईल, किती दिवसांच्या नोटिशीने करार रद्द होईल आणि रद्दलेख करायला तो येईल याची हमी काय, हे मालकाच्या वकिलाने बघायचं. दोघांचा एकच वकील नको. पैसे वाचतात, पण त्यात मालकाचंच नुकसान होतं.

कुणी वारलं तर? कुलमुखत्यारपत्राचा भरवसा नको. माणूस गेला की त्याच्या अधिकारावर प्रश्न उभे राहतात. मालकाचे वारस आजच संमती देणारे म्हणून सह्या करू शकत असतील तर घ्या. आमच्या एका फायलीत सगळं व्यवस्थित होतं, कजापच्या आधी आजोबा गेले. वारसनोंद, मग हैदराबादच्या नातवाची सही, मग त्याची सुट्टी. सात महिने गेले. कोणी वाईट नव्हतं.

रेरा लागतो का? गुंतवणूकदाराचं नाव त्यात येतं का?

५०० चौरस मीटरच्या, म्हणजे जेमतेम पाच गुंठ्यांच्या वर प्लॉट पाडून विकायचे तर २०१६ च्या कायद्याने महारेरा नोंदणी लागते. नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही. जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड हवा. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ते त्याच प्रकल्पाच्या जमीन-बांधकामावरच, प्रमाणपत्रं घेऊन काढता येतात.

गुंतवणूकदार इथे दचकतो: उत्पन्नात किंवा क्षेत्रात वाटा घेणारा जमीनमालक वा गुंतवणूकदार हाही प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाला जबाबदार माणूस, धरला जाईल, असं महारेराने २०१७ मध्येच परिपत्रकाने सांगितलंय. म्हणजे "मी फक्त पैसे लावले" हे गिऱ्हाइकापुढे चालत नाही. हे त्याला पहिल्या भेटीतच सांगा. नंतर कळलं तर तुम्ही लपवलं असं होतं, आणि ते खरंच असतं.

मंजुरीआधी ओळखीतल्यांकडून बुकिंग घेऊन त्याच पैशात रस्ते केले तर भागीदाराची गरजच नाही.

बरोबर, भागीदाराची गरज नाही. वकिलाची लागेल. नोंदणी न करता विकल्यास प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि नोंदणी असली तरी विक्री करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

एक मोठा माणूस मिळत नाही. वीस जणांकडून पाच-पाच लाख घेऊन महिन्याला दोन टक्के दिले तर?

नका करू. ठरावीक परताव्याच्या बोलीवर लोकांकडून पैसे गोळा करणं म्हणजे ठेवी घेणं. त्याला २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरचा केंद्राचा कायदा आणि महाराष्ट्राचा ठेवीदार हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, दोन्ही लागू शकतात. त्यात मालमत्ता जप्त होते, तुमची जमीनसुद्धा. एलएलपीतला भागीदार नफ्या-तोट्यात असतो, ठेवीदार नसतो, हा फरक कागदावर आणि प्रत्यक्षात दोन्हीकडे दिसला पाहिजे.

काही रक्कम रोखीत चालेल का?

स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय भांडण झालं की रोखीतले पैसे कुणीच दिलेले नसतात.

भाऊ अमेरिकेत आहे, तो पैसे लावायला तयार आहे.

अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. जमीन घेऊन-विकून नफा कमावणाऱ्या भागीदारी संस्थेतही त्याला पैसा घालायला बंदी आहे. विकसित प्लॉट, म्हणजे रस्ता, पाणी, दिवे, गटार झालेले, या प्रकल्पांची वाट वेगळी आहे आणि ती कंपनीच्या मार्गाने, परकीय चलनाचं काम करणाऱ्या सीएचं बोट धरूनच चाला. त्याने इथल्या भावाच्या खात्यात 'घरखर्चासाठी' पैसे पाठवायचे आणि मग प्रकल्पात वळवायचे, हा घरगुती उपाय परतीच्या वेळी अडतो. सोपं काम हवं असेल तर मंजुरीनंतर त्याने एनए प्लॉट विकत घ्यावेत.

कराचं काय?

थोडक्यात: नगरपालिका हद्दीपासून लोकसंख्येनुसार २, ६ किंवा ८ किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन शेतजमीन म्हणून विकली तर भांडवली नफा कर नाही. तीच एनए करून प्लॉट पाडलेत की ती सवलत संपते. जमीन भागीदारीत भांडवल म्हणून आणली की तेही हस्तांतरण, कर तेव्हाच उभा राहतो आणि मुद्रांक शुल्कही. विकसित प्लॉटच्या विक्रीवर जीएसटी नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. विकसन करारातल्या बाकीच्या व्यवहारांचं सीएला विचारा, आणि करार सही होण्याआधी विचारा.

मी पैसा लावणारा आहे. जमीनमालकाची फाइल चांगली दिसते. आणखी काय बघू?

मालकाच्या घरी जा, कार्यालयात नको. घरात किती भाऊ आहेत, कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं, ते बघा. शेजारच्या गटाच्या मालकाला भेटा. ग्रामपंचायतीत पाण्याची खरी परिस्थिती विचारा. चालू दावा आहे का ते दिवाणी कोर्टात आणि महसूल खात्यात, दोन्हीकडे बघून घ्या.

आणि जमीन जुलैत बघा. मार्चमध्ये सगळी जमीन सपाट आणि कोरडी असते. एक डॉक्टर आमच्याबरोबर भर पावसात एका गटावर आले होते. काळ्या मातीत पन्नास पावलं टाकली तेव्हा त्यांच्या बुटांचं वजन दुप्पट झालं होतं आणि गटाच्या खालच्या अंगाला, जिथे नकाशात बारा प्लॉट दाखवले होते, तिथे बदकं पोहत होती. मालक म्हणाले, "दोन दिवसांत ओसरतं." डॉक्टरांनी तिथेच आमच्याकडून लेआउट मागून घेतला आणि त्या बारा प्लॉटवर पेनाने 'खुली जागा' असं लिहिलं.